नाण्यावरची वाफ

१

दर मंगळवारी दुपारी मी मशीनमधले नाण्यांचे डबे रिकामे करतो. आमच्या दुकानात कपडे धुण्याची मशीनं आहेत आणि वाळवायला दोन ड्रायर. लोक येतात, नाणी टाकतात, कपडे फिरायला लागले की बाकावर बसून फोन बघत राहतात. दुकान माझं आणि ताईचं. म्हणजे कागदोपत्री माझं, पण चालतं तिच्यावर. ती इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहून दिवसभर बोलते. निम्मी गिऱ्हाइकं कपडे धुवायला कमी आणि तिच्याशी गप्पा मारायला जास्त येतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी मशीनं बघतो, बिलं बघतो, आणि मोरी तुंबली की तीही मीच बघतो.

डबे रिकामे केले की मागच्या खोलीत टेबलावर एक जुना टॉवेल अंथरायचा आणि नाणी त्यावर ओतायची. बँकेत देण्याआधी मी प्रत्येक नाणं उलटंपालटं करून बघतो. ताई याला माझं संशोधन म्हणते.

"काय संशोधक, झालात का आज श्रीमंत?"

"चहा टाक," मी म्हणतो.

इतक्या वर्षांत श्रीमंत काही झालो नाही. पण डोळा तयार झाला. लोकांना वाटतं जुनं म्हणजे मोलाचं. तसं काही नसतं. टाकसाळीने पोत्यांनी पाडलेलं नाणं शंभर वर्षांचं झालं तरी पोत्यातलंच राहतं. बघायची असते ती झीज. चेहऱ्याची छाप असेल तर आधी गालाचं हाड जातं, मग कानावरचे केस, मग नाक आणि ओठ. जे उंच असतं ते आधी झिजतं. हे सगळं शाबूत असेल तर ठेवायचं, नाहीतर पिशवीत टाकून मोकळं व्हायचं. आणि काहीही झालं तरी नाणं पुसायचं नाही. बाजारात ज्याच्याकडे मी जातो तो नाणेवाला, लिंबाने चकचकीत केलेलं नाणं घेऊन आलेल्या माणसाला बसा म्हणत नाही.

२

ते नाणं कोपऱ्यातल्या ड्रायरच्या डब्यातून निघालं. तांब्याचं, तळहाताला जाणवेल एवढं जड, आणि सध्याच्या कुठल्याच नाण्याच्या मापाचं नाही. ड्रायरने ते घेतलंच कसं, हा पहिला प्रश्न मला पडायला हवा होता. मशीन चलनातलं जरासं वाकलेलं नाणंही थुंकून टाकतं. पण मी छाप बघत बसलो.

बाईचं डोकं होतं, एका बाजूने. मुकुट नाही, दागिना नाही, केस मागे बांधलेले. वर्ष झिजून गेलेलं, अक्षरंही गेलेली, गाल सपाट. ओठ मात्र कालच पाडल्यासारखे. दोन ओठांच्या मधली फट भिंगाशिवाय दिसत होती. झीज अशी होत नाही. गाल जाऊन ओठ राहत नाहीत.

ताई चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली.

"बघू. ही कोण बया?"

"तेच बघतोय."

"काही दिसत नाहीये. किती मळलंय ते." माझ्या हातातून तिने ते उचललं, तोंडाजवळ नेलं आणि त्यावर 'हाः' केलं, चष्म्याच्या काचेवर करतात तसं. पदराचं टोक पुढे आणणार तेवढ्यात मी ओरडलो.

"पुसू नको!"

"अरे बापरे! केवढ्याने ओरडतोस."

"पुसलं की मातीमोल होतं. शंभरदा सांगितलंय."

"घे बाबा तुझं," ती म्हणाली. "चहा गार होतोय, तोही पुसू नको."

नाण्यावर तिच्या तोंडाची वाफ धरली होती. ती निघून जाईपर्यंत थांबायला हरकत नव्हती, पण मला घाई झाली होती. पुन्हा कुणी हात लावायच्या आत ते तसंच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं आणि अल्बममध्ये ठेवलं.

मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खिशातला गाळ उपसला, त्यातून पहिल्यांदा असं काही हाती लागलं होतं जे मला ओळखता येत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी अल्बम उघडला तर पाकीट आतून धुकटलेलं. सगळं नाही, बाईच्या ओठांसमोर नखाएवढं.

ओल. आमच्या दुकानात ओल नसेल तर कुठे असेल? दिवसभर गरम पाणी, वाफेची इस्त्री, ओले कपडे. मी चिमट्याने नाणं काढलं, नव्या पाकिटात घातलं आणि अल्बम घरी नेला. घर दुकानापासून गल्लीभर लांब आहे. माझ्या खोलीतलं लाकडी कपाट इतकं कोरडं आहे की त्याची दारं उन्हाळ्यात करकरतात. तरी संध्याकाळी त्या पाकिटावर धुकं. शेजारची सगळी पाकिटं स्वच्छ.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ते पाकीट टेबलावर ठेवून समोर बसलो. धुकं वाढलं. मग ओसरलं. मग पुन्हा वाढलं. पंखा फिरत होता, त्याचा वारा येतो जातो, प्लास्टिक गार होतं, गरम होतं. मला हे पटलं. पटलं म्हणून मी पंखा बंद केला. धुकं वाढलं, ओसरलं.

ताई बाहेरच्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तिकडे तिला कशाचं तरी भयंकर हसू आलं. ताई हसते तेव्हा पोट धरून, शेवटी ठसका लागेपर्यंत हसते. त्याच वेळी पाकीट कडेपर्यंत पांढरं झालं, बाई दिसेनाशी झाली. हसणं थांबलं आणि ते हळूहळू निवळलं.

मी मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा खाली. योगायोग, असं मी मनात म्हटलं. ठासून म्हटलं. त्या वेळी माझ्या डोक्यात काळजी एकच होती, की अशी ओल राहिली तर तांब्यावर हिरवे डाग पडणार.

४

नाणेवाल्याचं दुकान अरुंद आहे. तो, काउंटर आणि एक गिऱ्हाईक, एवढीच जागा. त्याने नाणं दिव्याखाली धरलं आणि भिंगातून उलटसुलट बघत राहिला. हा माणूस एरवी गप्प बसत नाही. नाणं खोटं असलं तरी त्याच्याकडे त्यावर पुराण असतं.

"अशी छाप मी पाहिलेली नाही," शेवटी तो म्हणाला. "कुठे मिळालं?"

"ड्रायरमध्ये."

"थट्टा करू नका राव."

"खरंच ड्रायरमध्ये. ठेवण्यासारखं आहे का?"

"ठेवण्यासारखं?" त्याने भिंग खाली ठेवलं. "दुसऱ्या कुणाला दाखवूसुद्धा नका. पण ही ओल फार वाईट. तांब्याला एकदा हिरवी कीड लागली की संपलं सगळं."

त्याने खणातून एक गोल डबी काढली. जाड पारदर्शक प्लास्टिकची, पिळून घट्ट बसणाऱ्या झाकणाची. तिच्या तळाशी ओल शोषून घेणाऱ्या निळ्या दाण्यांची बारीक पुडी होती, नव्या बुटांच्या खोक्यात निघते तसली.

"हवा जाणार नाही, यायची नाही," तो म्हणाला. "आत जी काय ओल असेल ती हे दाणे पिऊन टाकतील. दाणे गुलाबी झाले की समजायचं पोट भरलं. मग बदलायचे."

त्याने नाणं आत ठेवून झाकण पिळलं. आतून धुकं आलं, एकदा, दोनदा, मग नुसतं टिकलीएवढं. मग डबी लख्ख. मी ती कोटाच्या आतल्या खिशात घालून शीळ वाजवत घरी आलो.

५

ताईला तहान लागायला लागली. आधी मी लक्ष दिलं नाही. इस्त्रीच्या टेबलावर पाण्याची बाटली आली, मग दोन. ओठांना भेगा पडल्या. आवाज बसला.

"नव्या साबणाची पावडर," ती म्हणाली. "घशात जाऊन बसलीय मेली."

मी पावडर बदलली. मग ती म्हणाली इस्त्रीच्या वाफेने होत असेल, तर मी इस्त्रीला उभा राहिलो आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर कायमची खूण केली. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, भुवया उंचावल्या आणि पुन्हा छातीला लावली.

"श्वास घ्या," ते म्हणाले.

"घेतेय की," ताई म्हणाली.

त्यांनी नळी झटकली, आपल्या कानात नीट बसवली. शेवटी घशाला आराम द्या म्हणाले आणि चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या.

घशाला आराम म्हणजे ताईने गप्प बसायचं. ती गप्प बसली तेव्हा मला कळलं की आमच्या दुकानात मशीनंही आवाज करतात. गिऱ्हाइकं येत, तिच्याकडे बघून कसंनुसं हसत आणि फोन काढून बसत. ती कापडावरून इस्त्री फिरवे, थांबे, घोटभर पाणी पिई. संध्याकाळी घरी आल्यावर तिला जिना चढून होईना. मधल्या पायरीवर बसून माझ्याकडे बघून हसली आणि हाताने 'थांब जरा' अशी खूण केली.

आई गेल्यावर या बाईने मला वाढवलं. माझ्या तापात रात्र रात्र बसली, माझ्यासाठी स्वतःची किती तरी कामं खोळंबवली आणि कधी बोलून दाखवलं नाही. मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि उद्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं असं ठरवून टाकलं.

६

सकाळी कडाक्याची थंडी पडली होती. हॉस्पिटलात तपासणी उशिरा सुरू होते, तोवर दुकान उघडून येऊ म्हणून आम्ही निघालो. रस्त्याने कामाला चाललेली माणसं, शाळेची मुलं, पाव विकणारा, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. माझ्याही. मुलं तर मुद्दाम 'हा हा' करून एकमेकांच्या अंगावर सोडत होती.

ताई माझ्याशी बसक्या आवाजात बोलत होती. किल्ली घेतलीस का, काल बाईंच्या चादरी दिल्यास का, असलं काहीतरी. मी उत्तर द्यायला वळलो.

तिच्या तोंडासमोर हवा स्वच्छ होती.

वारा असेल, असं वाटलं. वारा नव्हता. आतून गार झाली असेल, पाणी फार पिते. मी तिला थांबवलं आणि काहीही विचारलं. चादरी कुठल्या बाईंच्या? कुठल्या रंगाच्या? ती सांगत होती, मोठं वाक्य होतं, मध्ये तिने दम खाल्ला, छाती वरखाली झाली. ओठ हलले. समोर काहीच आलं नाही. माझ्या स्वतःच्या वाफेतून मी तिच्याकडे बघत होतो.

"काय रे? भूत बघितल्यासारखा काय बघतोस?"

"किल्ली राहिली," मी म्हणालो आणि धावत सुटलो.

कपाटातून अल्बम काढला, डबी काढली. पुडीतले दाणे निळे राहिले नव्हते. सगळे गुलाबी, टम्म फुगलेले, आणि पुडीचा कागद भिजून चिकट झालेला. बंद डबीत एवढं पाणी आलं कुठून, याचं उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते मला मनातसुद्धा उच्चारायचं नव्हतं. झाकण जाम बसलं होतं. फडक्याने धरून पिळलं. ते सुटलं तेव्हा आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला. बराच वेळ बुडी मारून वर आलेला माणूस ओढतो तसा, लांबलचक.

दुकानापाशी पोचलो तर ताई बंद दरवाजाला टेकून खोकत होती. खोकून खोकून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि तोंडासमोर ही एवढी पांढरी वाफ.

"आत्ता कुठे मोकळं झालं," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या आवाजात. "कफ होता वाटतं. उघड लवकर, गारठले मी."

हॉस्पिटलला गेलो नाही. दुपारपर्यंत ताईने साऱ्या गिऱ्हाइकांना आपल्या घशाची हकिगत दोनदोनदा सांगून संपवली. मी मागच्या खोलीत जाऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडलो.

७

आता ठेवायचं की नाही, हा प्रश्न वेगळाच झाला. विकणं शक्य नव्हतं. घेणारा डबीत घालणार, किंवा लिंबाने घासणार. फेकून द्यायचीही हिंमत होईना. नदीच्या तळाशी ते पडलंय आणि वरून पाणी वाहतंय, ही कल्पनाच मला सहन होईना. पुरलं तर माती. शेवटी मी ते उघड्या वाटीत घालून दुकानातल्या फळीवर ठेवलं, मोकळ्या हवेत, माझ्या नजरेसमोर. अधूनमधून भिंग त्यावर धरायचो. काच धुकटली की जिवात जीव यायचा.

नाणेवाल्याचे फोन येत होते. मी म्हणालो, ठेवतोय.

ताईला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? एकदा सुरुवात केली होती. "ताई, ते नाणं आहे ना, त्याला हात लावू नकोस."

"पुसत नाही रे बाबा," ती म्हणाली. "कान किटले माझे."

मग एका दुपारी मी ड्रायरच्या झिजत आलेल्या पट्ट्याच्या जागी नवा आणायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा दोन्ही ड्रायर चालू होते. ताई कुणाच्या तरी परकर-पोलक्यांच्या घड्या घालत गात होती. फळीवर वाटी रिकामी.

"ताई, नाणं?"

"अरे, एका बाईंना एक नाणं कमी पडत होतं. सुटे माझ्याकडे नव्हते. म्हटलं, बघू घेतंय का तुझं ते मशीन. घेतलं की! लगेच सुरू झालं. डब्यात असेल, काढून घे."

कोपऱ्यातल्या ड्रायरसमोर एक बाई पाठमोरी उभी होती, केस मागे बांधलेले. काचेतून आत बघत होती. मी किल्ली घेऊन खाली बसलो, डबा ओढला, नाणी फरशीवरच ओतली. त्यात ते नव्हतं. मशीन बंद केलं, पत्रा काढला, नाणं घसरतं ती पन्हळ काढली, बोटं घालून कानाकोपरा चाचपला. हाताला नुसता गरम धुरळा लागला.

"अडकलंय कुठेतरी," मी मोठ्याने म्हणालो. वर बघितलं तर ती बाई दारातून बाहेर पडत होती. काचेच्या दारापलीकडे ती क्षणभर एका बाजूने दिसली. गाल भरलेला होता. एवढ्या थंडीत कोटही नव्हता अंगावर, आणि तिच्या ओठांमधून पांढऱ्याशुभ्र वाफेचा भला मोठा लोट निघाला.

ड्रायरमध्ये कपडे नव्हते. इतका वेळ रिकामाच फिरत होता तो.

मी रस्त्यावर धावलो. दोन्हीकडे माणसंच माणसं, सगळी वाफा सोडत चाललेली.

परत आलो. ताईने मला बसवलं, पाणी दिलं, एवढं काय त्या नाण्याचं म्हणाली, मग माझा चेहरा बघून "चुकलंच माझं" असंही म्हणाली. तिला खोकला नव्हता. आवाज खणखणीत. पाणी तिने स्वतः घेतलं नाही. मी तिच्या हाताला हात लावून बघितला, गरम होता. इस्त्रीपाशी होती ती, गरम असणारच.

संध्याकाळी दुकान बंद केलं. तोवर मी तिला दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. बाहेर सकाळपेक्षा जास्त गारठा. ताई पुढे, मी मागे. मागेच राहायचं असं मी ठरवलं होतं. ती बोलत होती, उद्या काय करायचं, पट्टा कुणाकडून बसवायचा, माझा चेहरा असा का पडलाय. दिव्याच्या खांबाखाली ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मागे मागे काय चालतोस? ये ना बरोबर."

ती दिव्याखाली बोलत होती. मला तिचे दात दिसले, जीभ दिसली, हसलेली दिसली. बाकी काही दिसलं नाही.

समोरून कुणीतरी येत होतं. मी घाईघाईने माझा मफलर सोडला आणि तिच्या नाकातोंडावरून दोन वेढे घालून मागे करकचून बांधला.

"थंडी आहे," मी म्हणालो.

"अरे," मफलरच्या आतून ताई म्हणाली, "श्वास तरी घेऊ देशील की नाही?"

मी गाठ जरा सैल केली, आणि तिचा हात धरून घराकडे चालू लागलो.